मेजर घरी आले, पुढे काय?

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीची परंपराही अशीच. या पट्ट्यात पोरं पहाटे भरतीसाठी धावतात, त्याचं गावाला कौतुक असतं. फौजी पेन्शनवर आला की उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, हारतुरे होतात, आणि त्या दिवसापासून तो सगळ्यांचा 'मेजर' होतो, मग हुद्दा नायकाचा असो की हवालदाराचा.

मिरवणुकीनंतरच्या महिन्यांकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे 60 हजार जण निवृत्त होतात. त्यांतले बहुसंख्य पस्तीस ते पंचेचाळीस वयाचे. बँकेतला त्यांचा वर्गमित्र याच वयात बढतीची वाट बघत असतो. पलटणीत पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोलकॉलपर्यंत दिवस आखलेला, आजारी पडलं तरी विचारणारा सोबती शेजारच्या खाटेवर. गावी आल्यावर हे सगळं एका तारखेला थांबतं. घर इतकी वर्षं बायकोनं एकटीनं चालवलेलं असतं. मुलांना वडील सुट्टीपुरते माहीत. सुट्टीवरचा लाडका पाहुणा आता कायमचा आला, आणि हुकूम सोडू लागला, की भांड्याला भांडं लागतं. त्यात नोकरी बहुधा एटीएमच्या दाराशी किंवा साखर कारखान्याच्या फाटकावर. झोप उडणं, क्षुल्लक कारणावरून भडकणं, माणसं टाळणं, कँटीनच्या बाटलीचा आधार वाढणं, अशी लक्षणं हळूहळू दिसू लागतात. घरचे म्हणतात, 'फौजेत राहून तापट झालाय.'

युद्धासारख्या आघातानं मनाला होणाऱ्या आजाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1980 साली पीटीएसडी या नावानं अधिकृत यादीत स्थान दिलं. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. जुना प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणं, दिवाळीतल्या फटाक्यानंही दचकून उठणं ही त्याची लक्षणं. पण प्रत्यक्ष चकमक न पाहिलेला जवानही निवृत्तीनंतर खचू शकतो, कारण काम, हुद्दा आणि सोबत या तिन्ही गोष्टी एकदमच सुटतात.

व्हिएतनामच्या त्या सैनिकांनी उपचाराची वाटही दाखवली. सरकारी रुग्णालयात जायला ते बिचकत. 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ते आपसांत बोलायला बसू लागले; रॉबर्ट जे लिफ्टन आणि चैम शटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात सामील झाले. 1979 मध्ये अमेरिकी सरकारनं याच धर्तीवर 'व्हेट सेंटर' सुरू केली. ती रुग्णालयाच्या आवाराबाहेर, वस्तीत असतात, आणि तिथले अनेक समुपदेशक स्वतः माजी सैनिक असतात.

आपल्याकडे यासाठी नवं खातं उघडायची गरज नाही. माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस आरोग्ययोजना 2003 पासून चालू आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 मध्ये 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा खास कक्ष सुरू झाला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं तर आहेतच, आणि तिथले कल्याण संघटक माजी सैनिकच असतात. पेन्शनचा कागद घेऊन आलेल्या जवानाला 'झोप लागते का रे?' असं विचारायचा अधिकार त्यांच्याइतका कुणाला आहे? ते विचारण्याचं आणि पुढे कुठे पाठवायचं याचं प्रशिक्षण त्यांना मिळायला हवं. सैन्याकडून निवृत्तीआधी मिळणाऱ्या पुनर्वसन प्रशिक्षणाचा भर रोजगारावर असतो. त्यात जवानाबरोबर त्याच्या पत्नीशीही बोलणं व्हायला हवं.

घाईचं कारणही आहे. अग्निपथ योजनेतून लष्करात भरती झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं. त्यांच्या सेवेची मुदत चार वर्षं, आणि कायम सेवेत जास्तीत जास्त 25 टक्केच घेण्याची तरतूद. बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी येतील. योजनेच्या मूळ अटींनुसार त्यांना ना पेन्शन, ना ईसीएचएस.

घरात, शेजारी कुणी मेजर गप्पगप्प राहू लागला असेल, तर त्याच्या पलटणीतल्या एखाद्या मित्राला बोलवा. दारूवरून भांडण काढण्याआधी डॉक्टरांकडे चला म्हणा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.