नर्मदेच्या वाळूत पतंग उडवण्यापूर्वी
पतंगासाठी समुद्रकिनारा उत्तम मानला जातो, कारण दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर उठते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. त्यांच्या वाटेत झाडे वा इमारती नसल्याने ते न अडखळता, एकसारख्या प्रवाहात येतात. ऑस्ट्रेलियातील स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १२ नोव्हेंबर १८९४ रोजी चार पेटी-पतंगांच्या बळावर स्वतःला सुमारे पाच मीटर उंच उचलून घेतले, त्यामागे अशाच वाऱ्याचे साहाय्य होते. जबलपूर मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तेथे किनाऱ्याची उणीव नर्मदा भरून काढते, आणि मकरसंक्रांतीला तिलवारा घाटावर भरणाऱ्या मेळ्याच्या सुमारास, शहरातील मराठी घरांत तिळाच्या वड्या आणि गूळपोळ्या होत असताना, पतंगाचे वेधही लागलेले असतात.

नदीकाठच्या वाऱ्याचा स्वभाव समुद्राच्या वाऱ्याहून वेगळा आहे आणि खऱ्या तयारीचा आरंभ तो समजून घेण्यापासून होतो. जानेवारीच्या रात्री वाळू झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची गार व जड हवा नदीच्या खोलगट पात्रात साचून राहते आणि वरच्या थरातील वारा खाली उतरू शकत नाही. त्यामुळे पहाटे पाण्यावर धुके असते, पण पतंग उचलेल एवढी हालचाल हवेत नसते. ऊन चढून वाळू तापली की हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि वारा जमिनीपर्यंत पोहोचतो. म्हणून सूर्योदयाला घाट गाठण्याची घाई निरर्थक ठरते. शिवाय धुक्याच्या ओलाव्याने पतंगाचा पातळ कागद सैल पडतो. झाडांची पाने सतत हलू लागली, की वारा पुरेसा झाला असे समजावे.

जागेची निवड अधिक विचाराने करावी लागते. भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहण्यासाठी कितीही रमणीय असले, तरी उंच कड्यांमध्ये वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि तेथे मधमाश्यांची मोहोळेही असतात, त्यामुळे ते स्थान पतंगाला योग्य नाही. ग्वारीघाटावर यात्रेकरू आणि नावा यांची वर्दळ असते. तिलवाऱ्याला नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याचा पूल आहे, आणि तुटलेला दोरा पुलावर आडवा पडला तर दुचाकीस्वाराच्या गळ्याशी येतो, म्हणून पूल, वीजवाहिन्या आणि मेळ्याची गर्दी यांपासून बरेच दूर, मोकळ्या वाळूवरच उभे राहणे उचित होय. या दिवसांत वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो; शहराकडील उत्तर तीरावर उभे राहिल्यास पतंग पाण्यावर जातो आणि कटल्यास दोऱ्यासह नदीत पडतो, तर दक्षिण तीरावरून तो मोकळ्या जमिनीवर राहतो व परत मिळवता येतो. वरच्या अंगाला बरगी धरण असल्याने तेथून पाणी सोडल्यावर पातळी वाढू शकते, तेव्हा मुलांना पाण्याच्या अगदी कडेला बसवू नये.

पतंगाची परीक्षा घरीच करावी. मधली उभी कामटी आणि तिच्यावर ताणलेली कमान यांचा तोल दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर कण्णी, म्हणजे पतंगाला दोन ठिकाणी बांधून पुढे एका गाठीत आणलेला दोरा, बेतावी. तिचा वरचा धागा किंचित आखूड ठेवला, तर पतंग वाऱ्याला कमी तोंड देतो आणि जोराच्या वाऱ्यातही आटोक्यात राहतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरचा दाब चौपट होतो, यावरून या किरकोळ वाटणाऱ्या गाठीचे मोल कळते. लहान मुलांच्या पतंगाला शेपटी लावावी, म्हणजे तो गिरक्या घेणार नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न दोऱ्याचा आहे. नायलॉनचा मांजा, ज्याला बाजारात चिनी मांजा म्हणतात, सहज तुटत नाही, कुजत नाही आणि झाडांवर वर्षानुवर्षे लटकत राहतो. धातूची पूड लावलेला मांजा ओला नसतानाही विजेच्या तारेतून प्रवाह हातापर्यंत आणू शकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन व इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली आणि काच वा धातू नसलेल्या सुती दोऱ्यालाच मुभा दिली. काटाकाटीची परंपरा प्रिय असणाऱ्यांना हे कठोर वाटेल, परंतु नदीकाठी बगळे, पाणकावळे आणि घारी यांचा वावर सतत असतो आणि पंखात अडकलेला दोरा पक्ष्याला उडू देत नाही, हे ध्यानी घेता साध्या सुती दोऱ्याचा आग्रह पूर्णपणे योग्य आहे. तो चक्रीवर एकसारखा गुंडाळून न्यावा, आणि बोट कापू नये म्हणून तर्जनीला चिकटपट्टी लावावी.

दुपार कलल्यावर वाळू निवते, वारा पुन्हा मंदावतो आणि पक्ष्यांचे थवे रातनिवाऱ्याकडे परतू लागतात; म्हणून सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी पतंग उतरवून वाळूत सांडलेला प्रत्येक तुकडा गोळा करण्यास लागणारा वेळही दिवसाच्या आखणीत आधीच धरलेला असावा.