तांबड्या पेटीतला पाइप धरणार कोण?

देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना शिकवणारे राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ पासून नागपुरातच आहे. पण रामदासपेठेतील इस्पितळे, हॉटेले व कार्यालयांच्या जिन्याजवळील तांबड्या पेटीतला पाइप कसा धरायचा, हे तिथल्या किती नोकरांना ठाऊक आहे?

रिळावरचा १९ मिलिमीटरचा रबरी पाइप एकटा माणूस चालवू शकतो. आधी भिंतीवरची झडप उघडावी, मग पाइप ओढत न्यावा. ६३ मिलिमीटरच्या कापडी होजची गोष्ट वेगळी. तो पूर्ण उलगडून, पीळ काढूनच पाणी सोडावे. झटका असा बसतो की तोंडाशी दोघे लागतात. ते शिकलेल्यांचेच काम.

वाकून राहावे, बाहेरचा दरवाजा पाठीशी ठेवावा. पाणी ज्वाळेवर नव्हे, जळत्या वस्तूवर मारावे. सरळ धार लांब पोचते, फवारा धग अडवतो. पाण्याची वाफ सुमारे १,७०० पट जागा व्यापते, म्हणून कोंदट खोलीत तीच भाजते. मेन स्विच बंद केल्याशिवाय पाणी मारू नये; भटारखान्यातल्या पेटत्या तेलावर तर कधीच नाही.

राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला मालकाने जानेवारी व जुलैत द्यावयाचा असतो. त्याच दिवशी पाइपातून पाणी काढून पाहावे आणि रात्रपाळीच्या नोकरालाही तो धरायला लावावा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी १० बालके दगावली, ती आग मध्यरात्रीनंतरचीच होती.