पाणी गुडघ्यांना मानवतं, हाडांचं काय?

“डॉक्टरांनी सांगितलंय, हाडांसाठी पोहायला जा.” पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडून हे हल्ली बऱ्याचदा ऐकू येतं. नीट चौकशी केली तर डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं असतं ते गुडघ्यांसाठी. गुडघा दुखतो तो बहुतेक वेळा सांध्यातली कूर्चा झिजल्यामुळे, तो ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाड आतून विरळ आणि ठिसूळ होतं तो आजार वेगळा, ऑस्टिओपोरोसिस. पहिला जिना चढताना रोज आपली आठवण करून देतो. दुसरा मनगट, मणका किंवा खुबा मोडेपर्यंत बहुधा गप्प असतो. त्यामुळे “माझं काही दुखत नाही, म्हणजे हाडं भक्कम” या हिशेबाला अर्थ नाही. उंची तरुणपणापेक्षा चारेक सेंटिमीटरने कमी भरत असेल किंवा पाठीला बाक येत असेल, तर मात्र तपासणी टाळू नये.

“साठीनंतर बघू” हाही असाच महागात पडणारा विचार. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. हाडात जुनं काढून नवं भरण्याचं काम जन्मभर चालू असतं. हाड पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं. ते घटलं की काढणं भरण्याच्या पुढे धावू लागतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काहीजणींचं २० टक्क्यांपर्यंत हाड कमी होतं. म्हणजे सर्वांत वेगाने घट होते तेव्हा बाई ऑफिस, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंची औषधं यात बुडालेली असते.

आता पाण्याकडे येऊ. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मंच वजन येतं, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश, आणि गळ्यापर्यंत उतरलं तर जेमतेम दहावा हिस्सा. दुखऱ्या गुडघ्याला ही पर्वणीच. पण गुडघ्याला सुख देणारी हीच गोष्ट हाडाच्या मुळावर येते, कारण हाडाला भार लागतो. ज्या दिशेने ताण पडतो त्या दिशेने हाड स्वतःला घडवतं, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडलं होतं. भार पूर्ण काढून घेतला तर काय होतं, ते अंतराळवीरांनी दाखवून दिलं : खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते. स्पर्धेत उतरणारे जलतरणपटू रोज तासन्‌तास घाम गाळतात, तरी त्यांच्या हाडांची घनता जिम्नॅस्ट किंवा धावपटूंइतकी नसते. खेळ न खेळणाऱ्यांच्या आसपासच असते.

मग टँकचं वर्गणीचं कार्ड फेकून द्यायचं का? मुळीच नाही. पाण्यातला व्यायाम हाडांसाठी अगदीच बिनकामाचा, हा उलट्या बाजूचा गैरसमज आहे. ब्राझीलमध्ये पाळी गेलेल्या १०८ स्त्रियांवर २४ आठवड्यांचा एक प्रयोग झाला. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सगळ्यांनाच दिलं होतं. व्यायाम न करणाऱ्या गटात मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी घनता १.२ टक्क्यांनी घसरली. पाण्यात जोरकस व्यायाम करणाऱ्या गटात ती टिकली. अशा अभ्यासांचा २०१७ मध्ये घेतलेला एकत्रित आढावाही हेच सांगतो : काहीच न करण्यापेक्षा पाणी बरं, पण पाण्यापेक्षा जमीन सरस.

यात ‘जोरकस’ हा शब्द सोडू नका. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हात दुप्पट वेगाने फिरवला तर विरोध जवळपास चौपट. गप्पा मारत संथपणे हात हलवणं हे मन रमवायला छान, पण स्नायूंना त्याची दखलही घ्यावी लागत नाही. फोमचे डंबेल्स वर उचलण्यात काही जात नाही, ते आपणहून तरंगतात. कस लागतो तो त्यांना पाण्याखाली दाबण्यात. उड्या मारायच्या तर गळ्यापर्यंतच्या पाण्यात नको, कमरेइतक्या पाण्यात, म्हणजे तळ पायाला थोडा तरी जाणवेल. यासाठी पोहता यायलाच हवं असंही नाही, उथळ बाजूला उभं राहून हे सगळं होतं. पायांची ताकद आणि तोल सुधारतो, हा मोठा फायदा. खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे. (टँकभोवतीच्या ओल्या फरशीवर तेवढं जपून चाला!)

“वजन उचललं तर हाड मोडेल” ही भीती सर्वांत घट्ट बसलेली. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांपैकी एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड बारबेल उचलले आणि उडीचे व्यायाम केले. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. हाड कुणाचंही मोडलं नाही. अर्थात पहिला महिना हलक्या वजनांवर पद्धत शिकण्यात गेला होता. व्हिडिओ बघून घरच्या घरी सुरू करायचं हे काम नव्हे. मणका आधीच दबलेला असेल तर कमरेतून वाकून बादली उचलणं आणि पश्चिमोत्तानासनासारखी आसनं, दोन्ही टाळावीत.

रोजचा मॉर्निंग वॉक हृदयाला उत्तम, पण मणक्यांच्या घनतेत त्याने फारसा फरक पडत नाही. कॅल्शियमचंही तसंच. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून ते जमवावं, कमी पडलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी. पण विटा आणून टाकल्या म्हणजे भिंत उभी राहत नाही.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला, की तो ऑस्टिओपोरोसिस. तिथे औषधाचा विचार डॉक्टरांबरोबर करावाच लागतो. व्यायाम त्याच्या जोडीला असतो, त्याच्या जागी नाही. बाकीच्या मैत्रिणींनो, आठवड्यातून चार दिवस टँकवर जात असाल तर त्यातले दोन दिवस जमिनीवरच्या वजनांना द्या, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की गुडघ्यांबरोबर हाडांचंही विचारा.