‘बे’मधून देवाचा चेहरा सापडत नाही

देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, म्हणजे देवालाही हात, पाय, चेहरा असणारच! बायबलमधल्या उत्पत्ती १:२६चा हा अर्थ इतक्यांदा ऐकवला जातो की, मूळ हिब्रूच तसं सांगतं असं लोक धरून चालतात. हिब्रू तसं सांगत नाही.

मूळ शब्द ‘बेत्सलमेनू’. ‘त्सेलेम’ म्हणजे प्रतिमा, ‘एनू’ म्हणजे आपली आणि आरंभीचा ‘बे’ म्हणजे मराठीतल्या शब्दयोगी अव्ययासारखा, पण नामाआधी चिकटणारा. त्याचा अर्थ फक्त ‘-त’ नाही. ‘बबायित’ म्हणजे घरात; पण उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात याकोब यार्देन ओलांडल्याचं सांगताना ‘बेमक्ली’ म्हणतो, तिथे अर्थ ‘माझी काठी घेऊन’. निर्गम ६:३मधल्या ‘बेएल शद्दाय’चा अर्थ ‘एल शद्दाय (देवाचं एक नाव) म्हणून’. ‘म्हणून’ अर्थाच्या या वापराला व्याकरणकार ‘बेथ एसेन्शिए’ म्हणतात.

बायबलचे अभ्यासक डेव्हिड क्लाइन्स यांनी १९६८मध्ये हाच अर्थ १:२६ला लावला: माणूस देवाची प्रतिमा म्हणून, त्याचा प्रतिनिधी म्हणून निर्माण झाला. काही अभ्यासक ‘प्रतिमेप्रमाणे’ असं वाचतात. कसंही वाचा, ‘बे’वरून देवाचं शरीर सिद्ध होत नाही. त्याच वचनात पुढे सृष्टीवरच्या अधिकाराची गोष्ट येते, अवयवांची नव्हे.

जालना जिल्ह्यात तरी हा फरक पुस्तकी मानू नये. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं, ते नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठी. त्यांत अस्पृश्य ठरवलेले मांग बरेच होते. प्राचीन पश्चिम आशियात देवाची प्रतिमा म्हणवून घेण्याचा मान राजाचा. उत्पत्ती तो प्रत्येक स्त्री-पुरुषाला, म्हणजे बेथेलच्या मांगांनाही, देते. देवाच्या नाकाडोळ्यांच्या चर्चेत नेमकं हेच बाजूला पडतं.

आणखी काही समजुती:

१:२६मधल्या ‘प्रतिरूप’ आणि ‘सादृश्य’ या दोन शब्दांची अव्ययं वेगळी, म्हणून त्या दोन वेगळ्या देणग्या? ५:३मध्ये तीच अव्ययं अदलाबदल होऊन येतात आणि १:२६च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दोन्हीकडे एकच ‘काता’ आहे.

‘बेथेल’मध्ये हाच ‘बे’? नाही. ‘बेथ’ म्हणजे घर, ‘एल’ म्हणजे देव.

मराठी बायबल म्हणजे इंग्रजीचंच भाषांतर? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून भाषांतर केलं. ते १९२४मध्ये प्रसिद्ध झालं.

‘बे’चा आधार घेऊन बोलणाऱ्यांनी आधी निर्गम ६:३ आणि उत्पत्ती ५:३ उघडून पाहावं. मग देवाच्या रूपाऐवजी माणसाच्या मानाबद्दल आणि जबाबदारीबद्दल बोलावं.