पत्रा वाकवताना लांबी कोठे जाते?

घनाची घडण कागदावर काढायची, कापायची आणि दुमडून घन तयार करायचा, हा उपक्रम बहुतेक शाळांतून होतो. तेथे कागदाची जाडी कोणी विचारात घेत नाही आणि तशी गरजही पडत नाही. कागदाऐवजी २ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घेतला, की हाच उपक्रम एकदम अवघड होतो. विजेच्या पॅनेलची पेटी, कार्यालयातले कपाट, संगणकाचे खोके या वस्तू सपाट पत्रा कापून आणि दुमडूनच बनतात. त्यांचे आराखडे आता कॅड आज्ञावलीत, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने, केले जातात. तयार वस्तूचे त्रिमित रूप पडद्यावर उभे केले, की संगणक ते उलगडून पत्रा कसा कापायचा याचा सपाट आकार देतो. हे उलगडणे वाटते तितके सरळ नाही.

समजा, काटकोनात वाकवलेली एक पट्टी हवी आहे. बाहेरून मोजल्यास तिची एक बाजू ५० मिमी आणि दुसरी ३० मिमी आहे. पत्रा २ मिमी जाडीचा आणि वाकाची आतली त्रिज्याही २ मिमी. सपाट पट्टी किती लांब कापावी? बाहेरच्या मापांची बेरीज ८० मिमी येते. आतून मोजले तर ४८ आणि २८ मिळून ७६ मिमी. यांपैकी एकही उत्तर बरोबर नाही.

का, ते पाहण्यासाठी एक मोठा खोडरबर घ्यावा. त्याच्या कडेवर दोन-दोन मिलिमीटर अंतरावर उभ्या रेघा ओढाव्यात आणि तो वाकवावा. बाहेरच्या बाजूला रेघा एकमेकींपासून दूर जातात, आतल्या बाजूला जवळ येतात. म्हणजे बाहेरचा भाग ताणला जातो, आतला दाबला जातो. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असा एक थर असणारच, की ज्याची लांबी बदलत नाही. त्याला उदासीन थर म्हणतात. सपाट पट्टीची लांबी म्हणजे या थराची लांबी.

मोठ्या त्रिज्येच्या वाकात हा थर जवळजवळ मधोमध असतो. वाक आवळ असेल तर तो आतल्या बाजूला सरकतो. आतल्या पृष्ठभागापासून तो जाडीच्या कितव्या भागावर आहे, हे सांगणारी संख्या म्हणजे के-गुणक. आपल्या पट्टीसाठी तो ०.४४ धरू. मग उदासीन थराची त्रिज्या २ + ०.४४ × २ = २.८८ मिमी. काटकोन म्हणजे पाव वर्तुळ, म्हणून कंसाची लांबी १.५७ × २.८८, सुमारे ४.५२ मिमी. सरळ भाग ४६ आणि २६ मिमी. एकूण ७६.५२ मिमी. दहावीच्या भूमितीपलीकडचे यात काही नाही.

संगणकही एवढेच गणित करतो, मात्र के-गुणक त्याला कोणीतरी द्यावा लागतो. तो न दिल्यास आज्ञावली स्वतःजवळचा एखादा ठोकळ आकडा वापरते आणि येथेच फसगत होते, कारण गुणक कोणताही दिला तरी पडद्यावरची पेटी तितकीच सुबक दिसते. बदलतो तो फक्त उलगडलेला आकार. खरा गुणक ०.४४ असताना ०.३३ धरला, तर एका वाकामागे पट्टी सुमारे ०.३५ मिमी आखूड पडते. सलग चार वाक असले तर फरक १.४ मिमीच्या जवळ जातो. मग एका टोकाचे भोक दुसऱ्या टोकाच्या भोकासमोर येत नाही आणि स्क्रू बसत नाही. तोवर शेकडो पत्रे कापून झालेले असतात.

(वाटी मात्र अशी उलगडता येत नाही. न ताणता वाकवलेल्या पृष्ठभागाची एक विशिष्ट वक्रता कायम राहते, हे गाऊसने १८२७ मध्ये दाखवले. सपाट पत्र्याची ती वक्रता शून्य, म्हणून त्यातून नळकांडे आणि शंकू होतात, गोलाचा भाग होत नाही. वाटीसाठी पत्रा दाबयंत्रात ताणावाच लागतो आणि तेथे वरचे गणित चालत नाही.)

के-गुणक पुस्तकातल्या तक्त्यातून घेता येतो, पण माझ्या मते तो मोजणेच उत्तम. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी कापावी आणि ज्या यंत्रावर काम व्हायचे त्याच यंत्रावर, त्याच साच्यात काटकोनात वाकवावी. नंतर दोन्ही बाजू बाहेरून व्हर्निअरने मोजाव्यात. बेरीज १०३.४८ मिमी आली असे समजा. आतली त्रिज्या त्रिज्यामापक पट्टीने तपासावी. ती २ मिमी भरली, तर प्रत्येक बाजूचे ४ असे एकूण ८ मिमी वजा जाता सरळ भाग ९५.४८ मिमी राहतो आणि वाकाच्या वाट्याला ४.५२ मिमी येतात. यावरून उलटे गणित करीत गेल्यास ०.४४ मिळतो. ॲल्युमिनिअमची पट्टी घेतली किंवा साच्याची खाच रुंद केली, तर उत्तर बदलू शकते.

फ्रीकॅड ही विनामूल्य आज्ञावली आणि तिचा पत्राकामाचा जोडविभाग मिळवून वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हीच पट्टी पडद्यावर उलगडून पाहता येईल. गुणक बदलून सपाट लांबी कशी बदलते, ते त्यांनी आधी वहीत काढावे आणि मग संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावे.