कागदाचा गरुड आणि यॉर्कचा तुरुंग

मागच्या रांगेत दिसतोय का हा तुकडा? मासिकाच्या पानातून कापलेला छोटा आयत. उभा दुमडायचा, आडवा दुमडून मधली रेघ पाडायची, दोन्ही पंख खाली आणायचे, उरलेल्या कडा वर वळवायच्या आणि पुन्हा मधोमध घडी. झाला त्रिकोण. त्याला दोन टोकं आणि दोन खिसे. एकाची टोकं दुसऱ्याच्या खिशात बसतात. असे शेकडो त्रिकोण जोडले की अननस, हंस, गरुड, काहीही उभं राहतं. कागदाच्या घड्या घालणारे लोक या पद्धतीला आजही ‘गोल्डन व्हेंचर’ म्हणतात. हे नाव एका जहाजाचं आहे.

६ जून १९९३ च्या पहाटे हे मालवाहू जहाज न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, रॉकअवेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. तळघरात २८६ चिनी माणसं होती, बहुतेक फुच्येन प्रांतातली, तस्करांना हजारो डॉलर कबूल करून निघालेली. अनेकांनी थंडगार पाण्यात उड्या घेतल्या. दहा जण दगावले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना सरकारने स्थानबद्ध केलं, आणि शंभराहून जास्त पुरुष पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क काउंटी तुरुंगात पोचले. त्यांच्यावर गुन्हा नव्हता. आश्रयाचा अर्ज चालू होता, एवढंच.

यॉर्क हे काही चिनी वस्तीचं गाव नव्हे. तरी तिथल्या वकिलांनी फी न घेता खटले लढवले. या वकिलांना द्यायला कैद्यांकडे काय होतं? कागद. जुनी मासिकं, वकिली पिवळी पॅडं, टॉयलेट पेपर भिजवून केलेला लगदा. पहिल्या वस्तू आभार म्हणून दिल्या गेल्या, आणि आमच्या मते सगळी गोष्ट इथेच उलगडते. तुरुंगातला वेळ घालवायचा चाळा म्हणून या कलेकडे पाहिलं, तर तिच्यातलं देणं दिसत नाही.

मग गावकऱ्यांनी त्या वस्तू विकायला सुरुवात केली आणि पैसा कैद्यांच्या मदतीला लावला. ‘पीपल ऑफ द गोल्डन व्हिजन’ नावाचा गट उभा राहिला. तुरुंगाबाहेर दर आठवड्याला प्रार्थनासभा होऊ लागली. यात गर्भपाताला कडवा विरोध करणारे होते आणि स्त्रीहक्कवालेही. इतर वेळी एकमेकांचं तोंड न पाहणारी मंडळी! चीनमधल्या सक्तीच्या गर्भपाताचा आणि नसबंदीचा प्रश्न दोघांनाही बोचत होता, कारणं मात्र वेगळी.

गरुड अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी, म्हणून त्याच्याकडे पाहून लोक पटकन ‘देशप्रेम’ म्हणतात. आम्हांला ते घाईचं वाटतं. त्याच हातांनी पिंजऱ्यातले पक्षीही केले होते. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

काही जण खटला हरून परत पाठवले गेले, काही कंटाळून स्वतःच गेले. उरलेल्या पन्नासएक जणांना राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये सोडलं. तोवर पावणेचार वर्षं होत आली होती. सुटका पॅरोलवर होती. कायम राहण्याचा हक्क त्यात नव्हता, त्यामुळे पुढेही कितीतरी वर्षं यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली. त्यांचे गरुड न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ चायनीज इन अमेरिका’च्या संग्रहात आहेत.

पुढच्या टेबलावर जुनी मासिकं ठेवली आहेत. निदान दहा त्रिकोण करून बघा. पहिले दोन-तीन हमखास सुटतात.