पोटात एक, लॅपटॉपमध्ये एक

कारंजा लाडच्या शिवारात तूर डोक्यावर गेली की पाठीवर पंप घेऊन आत शिरणं म्हणजे शिक्षाच. म्हणून ड्रोन. पण ऐन फवारणीत तो अडला, की बांधावर निदानं सुरू होतात: "बॅटरी गेली", "वारं लागलं", "मालच खराब हाय बॉ!" खरं उत्तर बहुतेकदा लॉगमध्ये निघतं.

अर्डुपायलट या सॉफ्टवेअरवर उडणाऱ्या ड्रोनची नोंद दोन जागी होते. एक त्याच्या पोटातल्या मेमरी कार्डात, 'बिन' फाइल. दुसरी मिशन प्लॅनर हा प्रोग्रॅम चाललेल्या लॅपटॉपवर, 'टीलॉग'. मजा आहे ती दोन्ही शेजारी ठेवण्यात. लॅपटॉपची नोंद मध्येच तुटली आणि पोटातली सलग असेल, तर रेडिओ, केबल नाहीतर लॅपटॉप धरा, ड्रोन निर्दोष. पोटातलीच नोंद हवेत असताना एकदम थांबली असेल, तर बहुधा वीज तुटली. आधी बॅटरीचा कनेक्टर बघा.

आणि उडालाच नाही तर? मग पोटातली फाइल बहुधा नसतेच! मूळ सेटिंगमध्ये ड्रोन 'आर्म', म्हणजे उडायला सज्ज, झाल्यावरच ती लिहिली जाते. अशा वेळी टीलॉगच कामाला येतो. जीपीएस पकडत नाही, होकायंत्र जुळत नाही, ही सगळी नकारघंटा त्यात शब्दशः सापडते.

ड्रोन दर सेकंदाला 'हार्टबीट' पाठवतो. "नो हार्टबीट पॅकेट्स रिसीव्ह्ड" असं पडद्यावर आलं की पायलटचाच ठोका चुकतो. पण बॉड रेटचा, म्हणजे जोडणीच्या वेगाचा, आकडा तरी बघा: टेलिमेट्री रेडिओला साधारणपणे 57600 लागतो. तिथे यूएसबीचा 115200 राहिला असेल, तर धडधाकट ड्रोनही मयत दिसतो.

हे हार्टबीट वाहून नेणारी मॅव्हलिंक ही भाषा 2009 ची, झुरिचमध्ये शिकणाऱ्या लोरेन्झ मायरची.

लॉगमधली तारीख चक्रावून टाकते, कारण जीपीएस आठवडे मोजतं, तेही 6 जानेवारी 1980 पासून. त्याचा नवा आठवडा आपल्याकडे रविवारी पहाटे 5:30 ला लागतो. नेमकं बोलायचं तर 18 सेकंद आधीच!

पोटातल्या फाइलमध्ये 'व्हाइब' नावाच्या रकान्यात थरथर दिसते. 30 च्या खाली असेल तर ठीक, 60 च्या वर गेली तर पंख्याची पाती तपासल्याशिवाय उडवू नये.

टीलॉग व्हिडिओसारखा पुन्हा चालवता येतो. नकाशावर ड्रोन कुठून कुठे गेला ते सगळं दिसतं. शेताचा ठावठिकाणाही त्यातच, तेव्हा फाइल कोणालाही पाठवू नका. शेजाऱ्याच्या बांधावर फवारणी गेली का, यावर मात्र त्याच्या आधारे भांडू नका. साध्या जीपीएसची चूक मीटरांत असते, आणि बांधाची भांडणं फुटांत चालतात.